बारावीच्या आधीची तयारी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. आज महाविद्यालये पुष्कळ आहेत. पण आपली हुशार मुले कागदपत्रांपायी अडतात. वैधता प्रमाणपत्राअभावी व्यावसायिक अभ्यासक्रमातील राखीव जागा हातची जाते. म्हणून पालकांना आम्ही आग्रहाने सांगतो : अकरावीतच महाविद्यालयामार्फत जात पडताळणीचा अर्ज करा. तहसीलदारांकडून उत्पन्नाचा दाखला घ्या. मुलाचे बँक खाते आधारशी जोडा. शिष्यवृत्ती तेथेच जमा होते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजनेचा अर्ज भरा. विद्यार्थी मित्रहो, इंग्रजी व्याख्यान प्रारंभी समजले नाही तरी खचू नका; रोज एक पान वाचा, अडेल ते विचारा. आपल्यातील प्रत्येक नोकरदाराने यंदा निदान एका मुलाचा अर्ज शेजारी बसून भरून द्यावा.