मेंदूत सांडलेलं लोह

दुचाकीवरून पडून डोक्याला मार बसलेला माणूस बरा होतो, कामावरही जाऊ लागतो आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्याला पहिली फिट येते. जखम तर केव्हाच भरलेली असते. मग फेफरं आलं कुठून?

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा १९७८ मध्ये हाती लागला. अमेरिकेतल्या जेम्स विलमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूच्या बाह्यस्तरात लोहाच्या क्षाराचं द्रावण टोचलं. त्या उंदरांना वारंवार झटके येऊ लागले.

मार लागल्यावर मेंदूत रक्त साकळतं. त्यातलं हिमोग्लोबिन फुटतं आणि एरवी प्रथिनांनी बांधून ठेवलेलं लोह मोकळं होतं. पेशींमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याचा संबंध आला की हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय आक्रमक मुक्त मूलक जन्मतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू तो २० टक्क्यांच्या आसपास वापरतो. त्यात चेतापेशींची आवरणं सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या स्निग्धाम्लांची. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, आणि ही साखळी लांबत जाते.

पुढचं नुकसान अधिक घातक. ग्लुटामेट हे चेतापेशींना उत्तेजित करणारं रसायन; काम झालं की ते उचलून नेणारी प्रथिनं असतात. ऑक्सिडीकरणाने ती प्रथिनं लुळी पडतात, ग्लुटामेट साचतं आणि पेशी अकारण पेटत राहतात. झटका आला की आणखी मुक्त मूलक तयार होतात. म्हणजे मुक्त मूलकांचा हा ताण अपस्माराचं, म्हणजेच फेफऱ्याचं, कारणही आहे आणि परिणामही.

आजची औषधं झटके दाबतात, पण आजार घडण्याची ही प्रक्रिया थांबवत नाहीत. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिएटलमधल्या एका चाचणीत डोक्याला गंभीर मार लागलेल्यांना फेनिटॉइन हे फिटचं औषध दिलं गेलं. पहिल्या आठवड्यातले झटके कमी झाले. नंतरच्या अपस्माराला मात्र आळा बसला नाही. म्हणून संशोधकांची खरी आशा आहे ती मार आणि पहिली फिट यांच्यामधल्या शांत काळावर. पेशींची स्वतःची संरक्षक यंत्रणा जागी करणाऱ्या एका औषधाने २०१८ च्या प्रयोगात उंदरांमधले नंतरचे झटके बरेच कमी केले. माणसांत हे अजून सिद्ध व्हायचं आहे.

तोवर ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या, म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या, गोळ्यांवर विसंबून फिटचं औषध बंद करण्याची चूक कुणी करू नये. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. त्याला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये आणि झटका पाच मिनिटांहून लांबला तर तातडीने दवाखाना गाठावा. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान आणि नियमित औषध मिळालं, तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.