गाभण डुकरिणीचा निवारा

डुकरीण साधारण ११४ दिवस गाभण असते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असं लक्षात ठेवा. हे दिवस तिला कसे जातात, ते बरंचसं निवाऱ्यावर ठरतं.

१) एकेरी पिंजरा : रुंदी जेमतेम ६० सेंटिमीटर. खाद्य मोजून देता येतं, भांडणं होत नाहीत. पण डुकरिणीला साधं वळताही येत नाही. मग ती गजच चावत बसते.

२) गट : हिंडता येतं, पण खाण्यावरून दांडग्या डुकरिणी दुबळ्यांना हुसकावतात. म्हणून भरपूर जागा, पेंढा आणि प्रत्येकीला वेगळं खाद्य हवं. युरोपीय संघात २०१३ पासून, रेतनानंतरचे चार आठवडे आणि विण्याआधीचा आठवडा सोडून, गटात ठेवणं बंधनकारक आहे.

३) विण्याची जागा : आईखाली पिल्लं चिरडू नयेत म्हणून इथेही पिंजरा वापरतात. पण विण्याआधी डुकरिणीला घरटं करायची उपजत ओढ असते, ती तिथे अडते. पेंढा आणि पिल्लांना आडोसा असलेली मोकळी खोली हा मधला मार्ग. त्याला जागा आणि देखरेख जास्त लागते.

थोडक्यात, पिल्लं जगवताना आईचं जगणंही मोजायला हवं. तुम्हाला काय वाटतं?