एक किलोचे बाळ आणि आईची ऊब

मुलांनो, अर्नाळ्याच्या बंदरावर कधी गेलात तर होड्यांवर बर्फ चढवतात ते नीट पाहा. लादी तशीच ठेवली तर बराच वेळ टिकते. तीच फोडून मासळीवर चुरा पसरला, की थोड्याच वेळात पाणी वाहू लागते. बर्फ तोच, वजनही तेच. मग फरक कशाने पडला?

१० सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर. आता त्याचे एकेक सेंटिमीटरचे तुकडे करा. तुकडे होतील १,००० आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस सेंटिमीटर! उष्णतेची देवघेव पृष्ठभागातून होते. म्हणून लहान वस्तू लवकर तापते आणि लवकर निवते. बशीतला चहा कपातल्या चहाच्या आधी गार होतो, त्याचेही मुख्य कारण हेच.

हे उदाहरण मी वसईत वर्गात नेहमी देतो. पण त्याचा खरा अर्थ मला २०१७ साली माझ्या एका माजी विद्यार्थिनीकडून कळला. तिचे बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मले, म्हणजे दिवस भरायला बारा आठवडे बाकी असताना. वजन जेमतेम एक किलो. बाळ जन्मताच ते न पुसता गळ्यापर्यंत पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले. ते पाहून ती हादरलीच. “सर, भाजी ठेवावी तसे ठेवले हो त्याला,” असे ती मला नंतर म्हणाली.

दिवस मे महिन्याचे होते. वसईचा उकाडा तुम्हाला सांगायला नको. एवढ्या उकाड्यात बाळ गार कसे पडेल, हा तिचा प्रश्न अगदी योग्य होता.

त्याचे उत्तर आपल्या घनातच आहे. ६० किलो वजनाच्या माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.७ चौरस मीटर असते. म्हणजे दर किलोमागे जवळजवळ २८० चौरस सेंटिमीटर. एक किलोच्या बाळाला मात्र तेवढ्याच वजनामागे सुमारे १,००० चौरस सेंटिमीटर त्वचा असते. तुमच्या-आमच्यापेक्षा साडेतीन पट! त्यातून त्वचेखाली चरबी जवळजवळ नाही. पुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ ‘तपकिरी चरबी’ नावाचे खास इंधन असते. ते जाळून बाळ न कुडकुडताही उष्णता निर्माण करते. हा साठा गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत होतो. आधीच जन्मलेल्या बाळाची ही शिदोरी बांधायची राहूनच जाते. म्हणून आपल्याला घाम फोडणारी ३० अंशांची हवा उघड्या एक किलोच्या बाळाला थंडच असते. पहिल्या दिवसांत त्याच्या भोवतीची हवा ३५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास ठेवावी लागते.

आणि ती पिशवी? अशा बाळाची त्वचा इतकी पातळ असते, की तिच्यातून पाणी सतत उडून जाते. शिवाय जन्मतः अंग ओले असते. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी अप्रकट उष्णता लागते, आणि ती बाळाच्या अंगातूनच घेतली जाते. हिशेब करून पाहा: तेवढ्याने एक किलोच्या बाळाचे तापमान सुमारे ०.७ अंशाने उतरेल. १ ग्रॅम म्हणजे वीसेक थेंब! पिशवीतली हवा बाष्पाने लगेच दमट होते आणि बाष्पीभवन मंदावते. गार पडलेले बाळ अंग तापवण्यासाठी प्राणवायू आणि साखर खर्च करू लागते, आणि श्वासासाठी धडपडणाऱ्या त्या जिवाला नेमका तोच खर्च परवडत नाही.

बाळाला तिथून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हलवले; आई तीन दिवस वसईतच होती. बाळाला चोखून गिळणे जमत नव्हते. ती दूध काढून देई आणि नवरा ते बर्फाच्या थर्मासात ठेवून विरार लोकलने नेई. एका वेळी चमचा-दोन चमचेच, पण बाळाचे खरे इंधन तेच. मुंबईतच शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी.

उबदार पेटीची कल्पना जुनी आहे. १८८०च्या सुमारास पॅरिसचे डॉ. टार्निए यांनी कोंबडीची पिले उबवण्याची पेटी पाहिली आणि तशीच बाळांसाठी करवून घेतली. पण पेट्या पुरेनात तेव्हा काय करायचे? कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभे बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारूची पद्धत, म्हणून ‘कांगारू मातृसेवा’. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. वजनकाटा, तापमापी, उबदार पिशवी आणि जंतुसंसर्गावरची औषधे, एवढ्या सामग्रीवर तेथील नवजात मृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. मला स्वतःला हा प्रयोग कोणत्याही महागड्या यंत्राइतकाच मोलाचा वाटतो.

माझ्या विद्यार्थिनीला बाळ छातीवर मिळाले ते अकराव्या दिवशी. तोवर पेटीच्या गोल झरोक्यातून एक बोट लावायचे, एवढेच. “नर्सबाईंनी पदराखाली ठेवले तेव्हा मी घाबरले, सर. पेटी सोडून माझ्या अंगावर ते निवेल असे वाटले.” पण हिशेब मांडा. बाळाची पुढची बाजू आता ३६-३७ अंशांच्या त्वचेला टेकलेली. तिथून वहनाने उष्णता जायची ती येऊ लागली. पाठीवर दुपटे आणि डोक्यावर टोपडे, म्हणून वारा लागत नाही आणि प्रारणही घटते. शिवाय बाळ गार पडू लागले तर आईच्या छातीची त्वचा किंचित अधिक ऊबदार होते, असे निरीक्षणांत आढळले आहे.

बाळ स्थिरावेपर्यंत थांबायचे, ही तेव्हाची रीत होती. २०२१ साली भारतासह पाच देशांतील संशोधन प्रसिद्ध झाले. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीवर घेतले, तर मृत्यू चतुर्थांशाने कमी होतात असे त्यात दिसले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाही तसाच सल्ला देते.

तिने दर तीन तासांचे तापमान वहीत लिहिले होते. ती वही तिने मला दाखवली: ३६.६, ३६.८, ३६.७, ३६.७... निरोगी नवजाताचे तापमान ३६.५ ते ३७.५ असते. पेटीतले आकडे निळ्या शाईत, छातीवरचे तांबड्या. शाई झाकली असती तर कोणते कुठले हे मला सांगता आले नसते. तिसऱ्या पानापासून सगळेच आकडे तांबडे होते.