टोळी, वेतन आणि वचन

इराक किंवा सीरिया येथील पंथकलहाविषयी वाचताना ‘सुन्नी टोळ्यांचे लढवय्ये’ हा शब्दप्रयोग वारंवार दृष्टीस पडतो. ही माणसे केवळ पंथाभिमानाने शस्त्र उचलतात, असा समज त्यामुळे सहज होतो. तो कितपत खरा आहे हे पाहण्यापूर्वी आपल्याच इतिहासातील दोन प्रसंग आठवणे उपयुक्त ठरेल.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व त्यानंतरही दक्षिण अरबस्तानातील हद्रमौत, याफा आदी भागांतून आलेले शिपाई पेशवे, गायकवाड, निजाम व नागपूरकर भोसले यांच्या पदरी असत. जमादार आपल्या मुलखातील माणसे गोळा करी, त्यांचे वेतन ठरवी आणि त्यांच्या वतीने बोलणी करी. शिपायाची निष्ठा प्रथम त्या जमादाराशी असे. धनी हिंदू की मुसलमान, हा प्रश्न गौण होता.

छत्तीसगढपर्यंत पसरलेल्या भोसल्यांच्या राज्यात हे ठळकपणे दिसून आले. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईत अरब इंग्रजांविरुद्ध लढले. १६ डिसेंबरला अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाले. परंतु अरबांनी नागपूर शहर सोडले नाही. २४ तारखेचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला. कुटुंबे, सामानसुमान व खासगी शस्त्रे यांसह सुरक्षितपणे जाऊ देण्याचे मान्य झाल्यावरच ३० डिसेंबरला ते बाहेर पडले. राजा शरण गेला, तरी त्यांचा करार त्यांच्या दृष्टीने स्वतंत्रच होता.

दुसरा प्रसंग १८१८ मधील मालेगावच्या वेढ्याचा. दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाल्यावर किल्ल्यातील अरबांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांना दिलेल्या मराठी कागदातील शब्दांतून मात्र इंग्रज सेनापतीला अभिप्रेत होती त्याहून अधिक सवलत निघत होती. एल्फिन्स्टनने कागदाचा अर्थ अरबांच्या बाजूने लावून त्यांची मुक्तता केली. शब्द पाळला गेला आणि तेथील लढा संपला.

आता इराककडे वळू. तेथील टोळ्या परदेशी चाकरीत नाहीत. त्या स्वतःच्या भूमीवर आहेत, हा महत्त्वाचा भेद होय. शिवाय शम्मर व जुबूर यांसारख्या मोठ्या टोळ्यांत सुन्नी व शिया अशा दोन्ही शाखा आढळतात. म्हणजे टोळी आणि पंथ यांच्या सीमा एक नाहीत. २००३ मध्ये अमेरिकेने इराक जिंकून तेथील सैन्य बरखास्त केले, तेव्हा पश्चिमेकडील अनबार प्रांतातील हजारो माणसे निर्वाहाला मुकली. त्यांपैकी अनेकजण बंडखोरांना मिळाले. परंतु ‘अल् कायदा’ने शेखांच्या हत्या आरंभल्या व महामार्गावरील व्यापारातून मिळणारे उत्पन्न बळकावले, तेव्हा २००६ च्या सप्टेंबरात शेख अब्दुल सत्तार अबू रीशा यांच्या पुढाकाराने रमादी येथे टोळ्या तिच्याविरुद्ध उठल्या. या चळवळीस ‘सहवा’, म्हणजे जागृती, असे नाव पडले. सुन्नी टोळ्या सुन्नी संघटनेशी लढत होत्या आणि त्यांना वेतन अमेरिका देत होती, ही गोष्ट पंथाच्या एकाच मापाने उलगडत नाही. २००७ मध्ये अबू रीशा यांची हत्या झाली. तरीही २००८ पर्यंत अशा रक्षकांची संख्या एक लाखाच्या घरात गेली.

त्याच वर्षी त्यांची जबाबदारी बगदादच्या शियाप्रधान सरकारकडे जाऊ लागली. सुमारे २० टक्के रक्षकांना सुरक्षा दलांत आणि इतरांना अन्य नोकऱ्यांत घेण्याचे आश्वासन होते. ते पुरतेपणी पाळले गेले नाही. वेतन रखडले, काही नायकांना अटक झाली. २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने फलुजा व मोसुल घेतले, तेव्हा काही टोळीवाले तिच्या बाजूस गेले, काही स्वस्थ राहिले. जे लढले त्यांना जबर किंमत मोजावी लागली. अल्बू निम्र टोळीतील शेकडो लोकांची त्याच वर्षी हिट परिसरात कत्तल झाली.

या उठावाचे कारण एकच नव्हते, हे खरे. तथापि सरकारने मोडलेल्या शब्दामुळे पंथद्वेषाच्या प्रचाराला आयते श्रोते मिळाले. म्हणून एखादी टोळी कोणत्या पंथाची, हे विचारून थांबता येत नाही. तिला कोणी काय वचन दिले होते आणि ते पाळले गेले काय, हेही तितक्याच काळजीने विचारले पाहिजे.