वारशाने आलेले जुने पिस्तूल : ओळख, कायदा व जतन

कुकडीच्या तीरावरील ओझर हे अष्टविनायकांपैकी एक क्षेत्र होय. १७३९ मधील वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी येथील विघ्नेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, अशी परंपरा आहे. शिवनेरीच्या छायेतील या जुन्नर-आंबेगाव परिसरात लष्करी परंपरा सांगणाऱ्या घराण्यांच्या देवघरात तलवार वा कट्यार असते. त्यांच्या जोडीला एखादे तळहाताएवढे जुने पिस्तूलही निघू शकते. खंडेनवमीला अशी शस्त्रे घासूनपुसून पूजेस मांडली जातात व त्यांच्यासमोर निरांजन लावले जाते. धोका नेमका येथेच आहे.

तोंडाकडून ठासण्याच्या पिस्तुलात दारू व गोळी एकदा भरली की ती उडविल्याखेरीज सहजासहजी निघत नाही. सोरा, गंधक व कोळसा यांची ही काळी दारू कोरडी राहिल्यास शंभर वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. म्हणून खात्री होईपर्यंत प्रत्येक जुने पिस्तूल भरलेलेच आहे, असे मानावे. नळीचे तोंड कोणाकडेही रोखू नये, घोडा चढवू नये, चाप ओढू नये व जवळ दिवा आणू नये. नळी रिकामी करण्याचे काम घरी मुळीच करू नये. ते पोलीस दलातील प्रशिक्षित शस्त्रतज्ज्ञाचे आहे.

काळ ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे पेट देण्याची रीत. जळता तोडा धरणारी पकड असल्यास ते तोड्याचे. घोड्याच्या जबड्यात गार व शेजारी रंजकाची वाटी असल्यास चकमकीचे शस्त्र होय. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे एकस्व मिळविले. त्यातून पुढे तांब्याच्या टोपीची शस्त्रे आली. त्यांत टोपी बसविण्यासाठी लहान बोंडी असते. खिशातील पिस्तुलांत फिरवून सुटी होणारी नळी किंवा दुमडणारा चाप पुष्कळदा आढळतो. नळीवरील मुकुटासारखे ठसे लंडन वा बर्मिंगहॅम येथील चाचणीचे असू शकतात.

आता कायद्याचा विचार करू. १८७८ च्या कायद्याची जागा घेणारा शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आहे. त्याच्या कलम ४५ नुसार कालबाह्य घडणीचे, पुरातन मूल्याचे अथवा नादुरुस्त शस्त्र वगळलेले आहे. परंतु दुरुस्ती करून वा न करताही ते बंदुकीसारखे वापरता येणे शक्य नसेल तरच. केवळ गंजलेले आहे म्हणून शस्त्र या सवलतीस पात्र ठरत नाही. अग्निशस्त्र बाळगण्यास कलम ३ अन्वये, तर विक्री व दुरुस्तीच्या व्यवसायास कलम ५ अन्वये परवाना लागतो. "आजोबांच्या काळापासून घरात आहे" हा परवान्यास पर्याय नव्हे. तसेच शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही.

म्हणून जतन म्हणजे शस्त्र पुन्हा चालू करणे नव्हे. नळी रिकामी असल्याची खात्री व कायदेशीर स्थिती स्पष्ट झाल्यावर ते कोरड्या मऊ कापडाने पुसावे. चिंच, राख, कानस, पॉलिश कागद वा आम्ल वापरू नये. त्यांनी गंजाबरोबर ठसे व कोरीव अक्षरेही जातात. लाकडी दस्ता पुन्हा रंगवू नये, स्क्रू उघडू नयेत. धातूवर संरक्षक मेणाचा पातळ थर देण्याचे काम संग्रहालयातील जाणकाराच्या सल्ल्याने करावे. भीमाशंकर येथील पोर्तुगीज घंटा वसईच्या विजयाची आठवण देते, ती वितळविली गेली नाही म्हणूनच. मूळ रूप हीच जुन्या वस्तूची साक्ष असते.

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व पोलीस पाटील यांनी याबाबत पुढाकार घ्यावा. वाडा पाडताना वा पेटारा उघडताना असे शस्त्र आढळल्यास ते उचलून ठाण्यात नेण्यापेक्षा आहे तेथेच ठेवावे, मुलांना दूर करावे व जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे. वस्तू कोणाकडून, कशी आली, ही घरातील वडीलधाऱ्यांची माहिती त्याच दिवशी लिहून ठेवावी. स्वखुशीने वेळेवर दिलेली खबर जीव वाचविते, कुटुंबास कायद्याच्या कचाट्यातून दूर ठेवते आणि गावाच्या इतिहासाचा एक दुवा शाबूत राखते.