आगरी लग्नातली धवलारीण

अलिबाग, पेण, उरण, पनवेल या खारपट्ट्यात भातशेती आणि मिठागरांवर जगलेला आगरी समाज. इथल्या जुन्या रीतीत लग्न लावण्याचा मान धवलारणीचा. ही गावातली जाणती बाई. धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, तिला तोंडपाठ असतात. मांडव, हळद, देवांना आवतण, प्रत्येक विधी तिच्या गाण्यावर पुढे सरकतो. शिक्षण थोरल्या बायांच्या मागे बसून, ऐकून. धवल्यांची परंपरा मराठीत फार जुनी आहे: तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, आणि तिला मराठीची आद्य कवयित्री मानतात.

धवलारणीने लावलेले लग्न कायद्याला चालते का? चालते. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 7 नुसार वधू किंवा वर, कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी लग्न लागू शकते. सप्तपदी ज्या रूढीत आहे, तिथेच ती आवश्यक.

आज हळदीची रात्र डीजेच्या ताब्यात गेली आहे आणि खर्चाने घरे कर्जात जातात. मला जास्त काळजी वाटते ती धवल्यांची. ते बहुतांशी वृद्ध स्त्रियांच्या स्मरणातच आहेत. घरच्या मोबाइलवर त्यांचे ध्वनिमुद्रण आत्ताच व्हायला हवे.