जुन्या मोटारीचे ब्रेक आणि अप्रमाद

कार्तिकी पौर्णिमा झाली की चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. पहाटेच्या गारव्यात, अनवाणी पायांनी, रस्त्याच्या कडेने हा प्रवास चालतो. त्याच रस्त्यावरून मालमोटारी, बस आणि मोटारीही धावत असतात. विहारात साधुसंतांना वाहनांचे धक्के बसल्याच्या दुःखद वार्ता समाजाने वारंवार ऐकल्या आहेत. म्हणूनच अनेक गावांतील कुटुंबे विहारसेवा पत्करतात. काही तरुण पायी बरोबर चालतात आणि एखादी मोटार मागचे दिवे लावून हळूहळू मागे येते, जेणेकरून वेगाने येणाऱ्या वाहनांना पुढे माणसे आहेत हे दुरूनच कळावे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी भुसार मालाची पेढी असलेल्या एका कुटुंबाने अशीच सेवा घेतली होती. मोटार घरातील जुनी प्रीमियर पद्मिनी होती आणि ती पुतण्या चालवीत होता. एका उतारावर साध्वीजी क्षणभर थांबल्या. पुतण्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल जवळजवळ तळापर्यंत गेले. त्याने पाय उचलून पुन्हा दाबले, हँडब्रेक ओढला आणि मोटार थांबली. मधले अंतर चार-पाच हातांचे उरले होते. कोणालाही काही झाले नाही. पुढे चालणाऱ्यांना काही घडल्याचे कळलेही नाही. मात्र स्टिअरिंगवरचे पुतण्याचे हात बराच वेळ थरथरत होते.

संध्याकाळी पेढीवर विषय निघाला, तेव्हा काका काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, “चूक तुझी नाही. दिवाळीपूर्वीच मला पेडल मऊ लागत होते. दोनदा दाबले की लागतो, असे म्हणत मी चालवीत राहिलो. हंगाम संपल्यावर पाहू, असे ठरवले.”

खरी गोष्ट या कबुलीतच होती. ब्रेक एका दिवसात बिघडला नव्हता. घरातील प्रत्येकाने त्या बिघाडाशी जुळवून घेतले होते.

पद्मिनी ही अशा घरांतील केवळ वाहन नसते. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही उद्योगांत देशी पाय रोवणाऱ्या या उद्योजकाचा समाजाला सार्थ अभिमान आहे. इटलीच्या फियाट ११०० या मोटारीची भारतीय आवृत्ती कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत असे. १९७० च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, असा तो काळ होता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील पद्मिनीने ऑक्टोबर २०२३ अखेर निरोप घेतला. खाजगी घरांत मात्र काही मोटारी आजोबांची आठवण म्हणून अजून जपल्या जातात. ही मोटारही त्यांपैकीच एक होती.

जपणे म्हणजे पुसूनपासून उभी करणे नव्हे, हे या घटनेने दाखवून दिले. काकांनी तरुणपणी मोटारीची बरीच कामे स्वतः केली होती. गावातील वृद्ध मेकॅनिकशी बोलून त्यांनी ठरवले की काम घरच्या अंगणात, पुतण्याला शिकवीत करायचे. मात्र त्या मेकॅनिकने तपासून होकार दिल्याशिवाय मोटार रस्त्यावर न्यायची नाही. ब्रेकच्या कामात ही अट शहाणपणाची आहे. ज्याने हे काम पूर्वी पाहिलेले नाही, त्याने जाणत्या माणसाशिवाय त्याला हात घालू नये.

कामाला लागण्यापूर्वी काकांनी पुतण्याला त्यामागचे तत्त्व सांगितले. बंद नळीतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. मोटारीत पाय पेडल दाबतो, पेडल मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ढकलते आणि तो दाब तेलामार्फत चारही चाकांतील लहान सिलिंडरांपर्यंत जातो. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. सिलिंडरमधील दट्टे बाहेर सरकतात, लायनर लावलेले शू ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात आणि चाक थांबते.

हे सारे द्रव दबत नाही या एका गोष्टीवर उभे आहे. हवा मात्र दबते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाची शक्ती तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होते आणि पेडल मऊ लागते. दुसरा शत्रू म्हणजे पाणी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. डॉट ३ या प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर मात्र मानकानुसार तो १४० अंशांपर्यंत खाली आलेला चालतो. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ड्रम तापले आणि असे जुने तेल उकळले, तर वाफ तयार होते. वाफही हवेसारखीच दबते. शिवाय पाण्यामुळे सिलिंडर आतून गंजतात. चातुर्मासाचे चार महिने दमट हवेत उभी राहिलेली मोटार या दृष्टीने अधिक संशयास्पद ठरते.

“तेल बाटलीत दिसते तेवढे असले म्हणजे झाले, असे मला वाटायचे,” पुतण्या म्हणाला.

“काका-पुतण्या दोघांनाही तसेच वाटत होते. वहीत शिल्लक दिसते, पण माल गोदामात सडलेला असतो, तसे हे,” काकांनी उत्तर दिले.

शनिवारी दुपारी काम सुरू झाले. सपाट फरशीवर मोटार उभी करून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर लावली. जॅकने एक बाजू उचलून तिच्याखाली लोखंडी स्टँड ठेवले. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नाही. विटांची चळत तर कधीच वापरू नये, कारण वीट सूचना न देता फुटते.

चाक काढून ड्रम उतरवला, तेव्हा आत काळी धूळ साचली होती. ती तोंडाने फुंकण्याचा किंवा हवेच्या पंपाने उडवण्याचा मोह अनेकांना होतो. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून काकांनी नाकातोंडावर मास्क बांधून ओल्या फडक्याने धूळ टिपून घेतली आणि फडके पिशवीत बांधून टाकले. एका वेळी एकच चाक उघडायचे, हा त्यांचा दुसरा नियम. कोणती स्प्रिंग कोठे अडकते हे विसरले तर समोरच्या बाजूचे न उघडलेले चाक नमुना म्हणून पाहता येते.

डाव्या मागच्या चाकापाशी कारण सापडले. सिलिंडरची रबरी टोपी किंचित उचलताच आतून तेल ओघळले. लायनरही तेलाने भिजले होते. असे लायनर धुऊन किंवा घासून पुन्हा वापरता येत नाही. ते बदलायचे, आणि तेही त्याच आसावरील दोन्ही चाकांचे एकाच वेळी. अन्यथा ब्रेक दाबताच मोटार एका बाजूला ओढली जाते.

सिलिंडर सोडवून दट्टे आणि रबरी वॉशर बाहेर काढले. आतली भिंत स्वच्छ कापडाने पुसून उजेडात धरली, तर गंजाचे बारीक खड्डे दिसले. येथे व्यापारी मनाची परीक्षा होती. केवळ वॉशरांचे किट थोडक्या पैशात मिळते, तर संपूर्ण सिलिंडरला त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. पुतण्याने विचारले, “काका, पॉलिश पेपरने घासून नवे किट टाकले तर?”

“चार महिने चालेल,” काका म्हणाले. “पाचव्या महिन्यात खड्ड्याच्या कडेने नवे वॉशर कापले जाईल. या मोटारीत चारही चाकांना तेलाचा मार्ग एकच आहे. एका चाकापाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. नवा सिलिंडर आण.”

उरलेल्या चाकांचे सिलिंडर आतून गुळगुळीत होते. तेथे किट पुरेसे ठरले. मास्टर सिलिंडरलाही नवे किट बसवले. रबरी होज पाईप वाकवून पाहिले, तेव्हा दोन ठिकाणी भेगा दिसल्या. तेही बदलले. सुटे भाग स्वच्छ करताना पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइलला जवळ येऊ दिले नाही. खनिज तेलाच्या स्पर्शाने ब्रेकचे रबर फुगते आणि निकामी होते. ताज्या ब्रेक ऑइलने धुणे आणि त्याच तेलात भिजवून वॉशर बसवणे हीच रीत आहे. वॉशरची पसरट ओठासारखी कड तेलाच्या बाजूला राहिली पाहिजे. ती उलटी बसली तर सारे श्रम वाया जातात.

रविवारी सकाळी सामायिक आटोपून दोघे पुन्हा अंगणात आले. आता एअर काढायची होती. त्यापूर्वी प्रत्येक चाकाचे शू मागच्या पत्र्यावरील बोल्टने जुळवून घेतले. चाक किंचित घासू लागेपर्यंत बोल्ट फिरवायचा आणि मग चाक मोकळे फिरेल इतकाच मागे घ्यायचा. शू ढिले असतील तर एअर काढूनही पेडल खाली जाते आणि दोष कोणाचा हे समजत नाही.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. उजव्या हाताच्या मोटारीत डावे मागचे, मग उजवे मागचे, नंतर डावे पुढचे आणि शेवटी उजवे पुढचे, असा हा क्रम. काकांनी निपलवर पारदर्शक नळी चढवली आणि तिचे टोक थोडे ताजे तेल घातलेल्या बाटलीत बुडवले. पुतण्या पेडलवर बसला.

“दाब.” पेडल हळूच खाली गेले. काकांनी निपल अर्धा फेरा सोडला. नळीतून काळपट तेल आणि त्याबरोबर बुडबुडे आले. “धर.” निपल घट्ट केला. “आता सोड.” निपल बंद होण्यापूर्वी पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते. म्हणून दोघांनी एकमेकांचा शब्द ऐकल्याशिवाय काही करायचे नसते. पेडल दणादण तळापर्यंत आपटायचेही नाही. जुन्या मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या टोकाला गंज असतो आणि त्यावरून घासून वॉशर फाटू शकते. म्हणून पुतण्याने पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला होता.

दर पाच-सहा वेळा दाबल्यावर वरच्या बाटलीतील तेल पाहून भर घातली जात होती. ती बाटली एकदा रिकामी झाली तर हवा वरून शिरते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. बाटलीतून काढलेले तेल पुन्हा वापरले नाही. भर फक्त सीलबंद डब्यातील तेलाचीच घातली. उघडा राहिलेला डबा हवेतील ओलावा पितच असतो.

चौथे चाक झाल्यावर पेडल उंचावर आणि घट्ट लागले. पुतण्याने ते मिनिटभर जोराने दाबून धरले. ते तसूभरही खाली सरकले नाही. सर्व जोड कोरड्या कागदाने टिपून पाहिले. कागद कोरडेच निघाले. बॉनेटवर सांडलेले दोन थेंब लगेच पाण्याने धुतले, कारण हे तेल रंग उचलते.

काढलेले तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतले गेले नाही. ते विषारी असते आणि मुंगीपासून मांजरापर्यंत कोणाच्याही जिवावर बेतू शकते. झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर चिठ्ठी चिकटवून, ते जुने तेल गोळा करणाऱ्याकडे देण्यासाठी मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवले.

दुपारी मेकॅनिक आले. त्यांनी चारही चाके फिरवून पाहिली, जोड तपासले, अंगणात आणि मग रिकाम्या रस्त्यावर सावकाश चालवून ब्रेक लावले आणि मान डोलावली. त्या रात्री पेढीच्या वहीशेजारी एक लहान वही आली. तिच्यात तारीख, बदललेले भाग आणि पुढच्या वेळी तेल बदलण्याचा महिना लिहिला गेला. दोन वर्षांनी तेल बदलायचे, चातुर्मास संपताच आणि विहारसेवेपूर्वी ब्रेक तपासायचे, आणि पेडल जरा जरी वेगळे लागले तर त्याच दिवशी मोटार उभी करायची, असे तीन नियम पहिल्या पानावर आहेत. तिसरा नियम काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेचा विचार करताना प्रमादाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. मारण्याची इच्छा नसणे पुरेसे नाही. निष्काळजीपणे केलेली हालचालही माणसाला दोषी करते. चालताना पुढची जमीन पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती साधू-साध्वी आपल्या पायांनी पाळतात. श्रावक मोटारीने जातो, तेव्हा त्याच्या पायाखाली पेडल असते. ते पेडल विश्वासार्ह ठेवणे हा त्याच समितीचा गृहस्थाश्रमातील अर्थ मानता येईल.

पर्युषणात सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. नकळत घडलेल्या चुकांसाठी ती मागताना मन हलके होते. परंतु ‘दोनदा दाबले की लागतो’ हे माहीत असूनही चालवलेली मोटार नकळत या शब्दात बसत नाही.

पुढच्या आठवड्यात विहार पुन्हा सुरू झाला. पहाटेच्या धुक्यात तीच जुनी पद्मिनी मागचे दिवे लावून पायी चालणाऱ्यांच्या मागे सावकाश जात होती. उतार आला, पुढची पावले थांबली, पुतण्याने पाय ठेवला आणि मोटार जागच्या जागी उभी राहिली.